द्रुत फाटू नये म्हणून : जुन्या रेकॉर्ड्ससाठी घरची स्टिरिओ सुधारताना

ख्यालाची एल.पी. लावली की अनेक घरांत हेच घडतं. विलंबित सुरेख चालतं, तानपुरे भरून ऐकू येतात. मग सुई लेबलाच्या जवळ सरकते, गायक द्रुतात शिरतो, ताना सुरू होतात आणि नेमका तिथेच आवाज फाटतो. ‘स’ आणि ‘श’ची शिट्टी होते, तबल्याची चाट खरखरते, तार षड्ज कर्कश होतो. “रेकॉर्ड घासली गेलीय,” असं कुणीतरी म्हणतं आणि ती कपाटात परत जाते.

बऱ्याचदा रेकॉर्ड ठीक असते. एल.पी. मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते आणि हा वेग शेवटपर्यंत बदलत नाही. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २१ सेंटिमीटर. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोरलेला असतो. तिथली वळणं इतकी बारीक असतात की जाड, झिजलेली किंवा वाकडी बसलेली सुई त्यांत नीट उतरतच नाही. पाश्चात्त्य संगीतातला एखादा संथ तुकडा बाजूच्या शेवटी येऊ शकतो, पण आपला ख्याल वीस-बावीस मिनिटं बाजू भरून लय वाढवत जातो आणि सगळ्यात वेगवान भाग सगळ्यात अडचणीच्या जागी येतो. म्हणून आपल्या रेकॉर्ड्स नीट वाजवायला यंत्रणा जास्त काटेकोर लागते, असं माझं ठाम मत आहे. पुढचं सगळं त्या शेवटच्या चार मिनिटांसाठी लिहिलंय.

वडिलांच्या शे-सव्वाशे एल.पी. माझ्याकडे आल्या तेव्हा मी पेटीसारखा बंद होणारा, आतच स्पीकर असलेला एक स्वस्त प्लेअर घेतला होता. सहा महिने रोज वाजवला. त्यांच्या सगळ्यात आवडत्या रेकॉर्डच्या द्रुतात तेव्हा जी शिट्टी आली, ती आता कितीही चांगली सुई लावली तरी जात नाही. त्या जड सुईने खाचेची भिंतच खरवडली. हे तुमच्या घरी होऊ नये.

आधी घरात काय आहे ते पाहा

टर्नटेबलच्या आर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, मागच्या टोकाला फिरवता येणारं वजन आहे का? असेल तर तुमच्या हातात सुधारता येण्याजोगं यंत्र आहे. त्यावर सुईचा भार ठरवता येतो, बहुतेकांवर कार्ट्रिज, म्हणजे सुई जिला बसते ती आर्मच्या पुढच्या टोकाची छोटी डबी, बदलता येतं. नवं असो की चाळीस वर्षांपूर्वीचं, सुरुवात यावरून करा.

वजन नसेल तर दोन शक्यता. एक म्हणजे बटण दाबलं की आर्म आपोआप उचलली जाते असं साधं स्वयंचलित टर्नटेबल, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निकाचं एलपी६०. त्यात कार्ट्रिज कायमचं बसवलेलं असतं. फक्त सुई बदलता येते. हे रेकॉर्डला धोकादायक नाही, पण त्यात फार पुढे जाता येत नाही. सुई नवी ठेवा, अ‍ॅम्प आणि स्पीकर सुधारा, पैसे साठवा. दुसरी शक्यता सिरॅमिक कार्ट्रिजवाल्या प्लेअरची : जुना रेडिओग्राम, रेकॉर्ड चेंजर किंवा मी घेतला तसला पेटी-प्लेअर. यांतल्या अनेकांची सुई ५ ते ८ ग्रॅम भाराने बसते आणि ती ताठ असते. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला २ ग्रॅम पुरतात. असा प्लेअर आठवण म्हणून ठेवा, पुसून-पासून दिवाणखान्यात मांडा, पण मोलाच्या रेकॉर्ड्स त्यावर लावू नका.

जुनं घ्यायचं असेल तर मुंबईत चोर बाजार आहे, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. तिथे आर्म दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहा. बेअरिंगमध्ये खटखट जाणवली तर ते यंत्र सोडा. चकती फिरवणारा रबरी पट्टा सैल असणं, सुई तुटलेली असणं ही कारणं भाव पाडायला उत्तम, नकार द्यायला नव्हेत. दोन्ही नवं मिळतं. विक्रेता “आत्ताच वाजवून दाखवतो” म्हणाला तर आपली चांगली रेकॉर्ड त्याच्या सुईखाली देऊ नका, त्याचीच लावायला सांगा.

अमेरिकेहून आणलेलं टर्नटेबल

हे वेगळं सांगतो, कारण मुलगा किंवा बहीण परत येताना टर्नटेबल घेऊन आल्याची घरं आपल्याकडे बरीच आहेत. तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावला की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. जुन्या बऱ्याच टर्नटेबलांची मोटर विजेच्या हर्ट्झशी बांधलेली असते. ती आपल्याकडे सहा भागांपैकी पाचच भाग वेगाने फिरते आणि ३३ १/३ चे साधारण २७.८ फेरे होतात. सूर तीन पट्ट्यांहून थोडा जास्त उतरतो. काळी एकमध्ये गायलेला ख्याल खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली ऐकू येतो.

उपाय आहे : त्याच मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मिळाली तर ती बसवायची. पुली थोडी मोठी असते, त्यामुळे वेग भरून निघतो. डी.सी. मोटरच्या किंवा क्वार्ट्झने वेग राखणाऱ्या यंत्रांना ही अडचण नसते. त्यांना योग्य अ‍ॅडॅप्टर किंवा ट्रान्सफॉर्मर पुरतो.

पैसे न लागणारी कामं

टर्नटेबल आणि स्पीकर एकाच टेबलावर ठेवू नका. स्पीकरची थरथर टेबलातून सुईत जाते, सुई ती आवाज समजते, अ‍ॅम्प ती वाढवतो आणि पुन्हा स्पीकरला देतो. खर्ज गढूळ होतो, आवाज वाढवला तर घुमायलाच लागतं. तपासायचं असेल तर थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाज नेहमीच्या पातळीला हळूहळू न्या आणि टेबलावर बोटाने टिचकी मारा. स्पीकरमधून मोठा ‘ढब’ ऐकू आला तर जागा बदलायला हवी.

आर.सी.सी.च्या इमारतीत जमीन पक्की असते, जड कपाटावर काम भागतं. जुन्या वाड्यात, चाळीत लाकडी तक्तपोशी असेल तर चालताना सुई उडते. तिथे टर्नटेबलसाठी भिंतीत पक्क्या ब्रॅकेटवर वेगळी फळी ठोकून घ्यावी. त्यावर कडाप्प्याचा किंवा ग्रॅनाईटचा तुकडा आणि त्याखाली चार रबरी पाय. फरशीवाल्याकडे ओट्यातून उरलेले तुकडे पडलेले असतात. वर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी सपाटी बघा. पाणसळ टर्नटेबलच्या चकतीवर ठेवायची, फळीवर नव्हे.

मग वेग. स्ट्रोब चकती छापून घ्या. ५० हर्ट्झच्या विजेला ३३ १/३ साठी १८० रेघांची चकती लागते, अमेरिकी साइटवरची २१६ रेघांची चालणार नाही. खोलीत अंधार करून विजेबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली ती फिरवायची. अनेक एल.ई.डी. दिवे पुरेसे लुकलुकत नाहीत, स्विचबोर्डवरच्या नारिंगी निऑन इंडिकेटरचा उजेड मात्र चालतो. रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर. पुढे सरकल्या तर जास्त, मागे सरकल्या तर कमी. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राचा वेग डळमळत असेल तर आधी पट्टा बदला. खर्च किरकोळ असतो आणि पाच मिनिटांत काम होतं.

वेग सरासरीने बरोबर असूनही फेऱ्यागणिक हेलकावे खाऊ शकतो. ते पकडायला आपल्याकडे महागड्या यंत्राहून सोपी गोष्ट आहे : तानपुरा. कुठल्याही ख्यालाच्या एल.पी.ची पहिली काही सेकंदं, गायकाने आवाज लावायच्या आधीचे नुसते तानपुरे ऐका. षड्ज जागचा हलता कामा नये. तो दर फेऱ्याला, म्हणजे पावणेदोन-दोन सेकंदांनी, किंचित लाटेसारखा वर-खाली होत असेल तर पट्टा, बेअरिंग किंवा रेकॉर्डचं मधलं भोक यांपैकी कशात तरी दोष आहे. दुसऱ्या दोन-तीन रेकॉर्ड्स लावून पाहिलं की रेकॉर्ड दोषी की यंत्र, हे कळतं.

सुई आणि कार्ट्रिज

पहिला रुपया इथे खर्च करा. स्पीकर बदलल्याने फरक जास्त मोठा ऐकू येतो हे खरं, पण वाईट स्पीकर रेकॉर्ड खराब करत नाही. वाईट सुई करते, आणि ते पुन्हा भरून येत नाही.

सुईच्या टोकाचा आकार महत्त्वाचा. गोल टोकाची सुई स्वस्त असते, पण आतल्या बारीक वळणांत ती पूर्ण शिरत नाही. लंबगोल टोक खाचेच्या भिंतीला अरुंद कडेने टेकतं, म्हणून वळणं नीट वाचतं. त्यापुढे मायक्रोलिनिअर, शिबाटा असे आकार आहेत. त्यांची कड आणखी बारीक असते आणि भिंतीला उभी, लांब टेकते. शेवटच्या चार मिनिटांत या आकारांचा फरक कुणालाही ऐकू येतो, त्याला तयार कान लागत नाहीत.

नवख्याने सुटी सुई बदलता येणारं कार्ट्रिज घ्यावं. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिजचं अंग एकच असतं आणि सुया सगळ्या एकमेकींच्या जागी बसतात. आज लंबगोल ‘ई’ घ्या, दोन वर्षांनी तिच्याच जागी मायक्रोलिनिअर ‘एमएल’ बसवा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्ड्ससाठीची ‘एसपी’ही त्याच अंगावर बसते. ऑर्टोफॉनच्या टूएम रेडवर त्याच घराण्यातली टूएम ब्लूची सुई बसते. दोन्ही रस्ते चांगले. मी पहिला निवडला, तो ७८च्या सुईमुळे. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. बहुतेकांची सुई झिजली की अख्खं कार्ट्रिज कंपनीकडे पाठवावं किंवा बदलावं लागतं आणि त्याला वेगळा, जास्त ताकदीचा, सिग्नल आधी वाढवून देणारा प्रीअ‍ॅम्प लागतो.

बसवणं आणि जुळवणं

याला पहिल्या वेळी दोन तास लागतील. दिवसाच्या उजेडात, पंखा बंद करून, टेबलावर पांढरा पंचा पसरून बसा, म्हणजे स्क्रू पडला तर सापडेल. टर्नटेबलचा प्लग काढा. कार्ट्रिजवरून सुई ओढून काढून डबीत ठेवा, मग बाकीचं काम करा. सुई असताना स्क्रू आवळायला गेलेल्या माणसाला तिची किंमत लवकर कळते.

हेडशेलमध्ये, म्हणजे आर्मच्या पुढच्या टोकाला कार्ट्रिज जिथे बसतं त्या भागात, चार बारीक तारा असतात. लाल उजव्या चॅनेलची, हिरवी तिची परतीची. पांढरी डाव्या चॅनेलची, निळी तिची परतीची. कार्ट्रिजच्या मागे हेच रंग किंवा अक्षरं असतात. तारेच्या टोकाची क्लिप बारीक चिमट्याने धरून सरळ ढकला, तारेला धरून ओढू नका. दोन स्क्रू लावा, पण कार्ट्रिज पुढे-मागे सरकेल इतके सैल ठेवा. मग सुई परत बसवा.

आता भार. अँटिस्केटचा, म्हणजे सुईला बाहेर ओढून तोल साधणारा, खटका शून्यावर ठेवा. मागचं वजन फिरवत जा, जोवर आर्म तराजूच्या दांडीसारखी हवेत आडवी तरंगत नाही. हा शून्य. वजनावरची आकड्यांची कडी फक्त ० वर आणा, वजन हलू देऊ नका. मग वजन आणि कडी दोन्ही एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या कंपनीने सांगितलेला आकडा आणा : व्हीएम९५ईला २ ग्रॅम, टूएम रेडला १.८ ग्रॅम. नवखे इथे हमखास चुकतात : नुसती कडी फिरवतात आणि भार बदलला असं समजतात. नंतर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या छोट्या डिजिटल काट्यावर पडताळा घ्या. काटा लोखंडी पृष्ठभागाचा नको, कार्ट्रिजमधलं चुंबक त्याला ओढतं आणि आकडा खोटा येतो. सुई शक्यतो रेकॉर्डच्याच उंचीवर टेकवून मोजा.

कमी भार म्हणजे रेकॉर्डवर दया, हा गैरसमज मी अनेक जाणत्यांकडूनही ऐकलाय. भार कमी पडला तर सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतीला ठोके देते. सांगितलेल्या मर्यादेत मधोमध किंवा किंचित वरच्या बाजूला राहा.

मग कोन. आर्म एका खुंटीभोवती फिरते, म्हणून सुई खाचेला नेमकी समांतर फक्त दोन जागी असू शकते. प्रचलित गणितानुसार त्या जागा मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. या दोन खुणांचा प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोन तपासायचा कागद, छापून घ्या, आणि वापरण्यापूर्वी पट्टीने मोजा. छापताना प्रिंटर कागद बसवायला चित्र लहान करतो आणि मग सगळी मेहनत वाया जाते. सुई पहिल्या खुणेवर टेकवा, समोरून बघा, कार्ट्रिजच्या कडा रेघांना समांतर आहेत का. मग दुसऱ्या खुणेवर. दोन्हीकडे जमेपर्यंत कार्ट्रिज थोडं पुढे-मागे सरकवत, थोडं वळवत राहा. इथे घाई करू नका. जमलं की स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि पुन्हा एकदा दोन्ही खुणा तपासा, कारण आवळताना कार्ट्रिज हलतं. शेवटी भार पुन्हा मोजा. टेक्निक्स एसएल-१२०० वाल्यांचं काम थोडं सोपं आहे : हेडशेलच्या मागच्या कडेपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर ठेवा.

आर्मची उंची बदलता येत असेल तर सुई रेकॉर्डवर टेकलेली असताना आर्म बाजूने रेकॉर्डला समांतर दिसली पाहिजे. बदलता येत नसेल तर त्याची काळजी सोडा.

अँटिस्केट भाराइतक्याच आकड्यावर ठेवून सुरुवात करा. वाकलेल्या आर्ममुळे सुई मध्याकडे ओढली जाते, हा खटका तिला बाहेर ओढून तोल साधतो. मग एखादी रेकॉर्ड शेवटच्या चार मिनिटांवर लावा आणि हेडफोनने ऐका. ‘स’ फक्त उजव्या कानात फाटत असेल तर अँटिस्केट थोडं वाढवा, फक्त डाव्या कानात फाटत असेल तर कमी करा. दोन्हीकडे सारखंच फाटत असेल तर प्रोट्रॅक्टर परत काढा.

फोनो प्रीअ‍ॅम्प

कार्ट्रिजमधून ४-५ मिलिव्होल्टचा सिग्नल येतो. सी.डी. प्लेअर २ व्होल्टच्या आसपास देतो, म्हणजे चारशे-पाचशे पट. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार वाढवलेला असतो. खर्जाची मोठी वळणं मावावीत आणि खरखर दबावी यासाठी. १९५४ मध्ये आर.आय.ए.ए. या अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने याचं प्रमाण ठरवून दिलं. वाजवताना तेच उलट करावं लागतं : १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल वाढवायचे, २०,००० हर्ट्झला तितकेच कमी करायचे. हे दोन्ही फोनो प्रीअ‍ॅम्प करतो. तो मध्ये नसेल तर आवाज पुसट आणि पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो.

अ‍ॅम्पच्या मागे ‘फोनो’ लिहिलेली जागा असेल तर प्रीअ‍ॅम्प आतच आहे. जुन्या काही अ‍ॅम्पवर चुंबकीय आणि सिरॅमिक अशा दोन जागा असतात, आपल्याला चुंबकीय हवी. नसेल तर वेगळी छोटी डबी घ्या. हल्लीच्या अनेक टर्नटेबलांत प्रीअ‍ॅम्प आतच असतो आणि मागे फोनो-लाइन असा खटका असतो. दोन प्रीअ‍ॅम्प एकामागे एक लागले तर आवाज भयंकर फुगतो आणि फाटतो. म्हणून टर्नटेबल ‘लाइन’वर असेल तर अ‍ॅम्पच्या ऑक्स जागेत, आणि ‘फोनो’वर असेल तर फोनोच्या जागेत. टर्नटेबल ते प्रीअ‍ॅम्प ही तार मीटरभराच्या आतच ठेवा. तार लांबली की तिची कपॅसिटन्स वाढते आणि तार सप्तकाचा तोल बिघडतो. त्यापलीकडे महागड्या तारांवर पैसे घालवण्याचं मला कारण दिसलेलं नाही.

‘घुंऽऽ’ असा आवाज येत असेल तर टर्नटेबलमधून निघालेली ती एक सुटी बारीक तार प्रीअ‍ॅम्पच्या ‘जीएनडी’ स्क्रूला जोडली आहे का ते बघा. नव्वद टक्के वेळा तीच लोंबकळत असते. तरी आवाज राहिला तर टर्नटेबल अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून दोन फूट लांब न्या.

रेकॉर्ड धुणं

नवी सुई लावून बुरशी लागलेली रेकॉर्ड वाजवू नका. कोकणात, मुंबईत, गोव्यात चार पावसाळे बंद कपाटात काढलेल्या रेकॉर्डवर पांढुरके ठिपके असतातच. ती धूळ नसते.

आतलं कागदी पाकीट बुरशीचं असेल तर फेकून द्या, मुखपृष्ठ उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर ठेवा. एल.पी. धुवायचं मिश्रण : तीन भाग डिस्टिल्ड पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी धुण्याच्या बिनवासाच्या द्रवाचे दोन थेंब. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत वाळून बसतात. लेबल कोरडं राहील असं झाकून मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आडवं घासू नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. मायक्रोफायबर कापडाने पाणी टिपून घ्या आणि प्लास्टिकचं आवरण असलेल्या ताटाळ्यात उभ्या वाळवा. हे काम तोंडाला फडकं बांधून, ऐकायच्या खोलीबाहेर करा. परत ठेवताना नवं पॉलिथिनचं आतलं पाकीट, आणि कपाटात उभं. एकावर एक रचलेल्या रेकॉर्ड्स वाकतात.

रोज लावण्याआधी कार्बन फायबरचा कोरडा ब्रश दोन फेरे. सुईचं टोक साफ करायचं ते मागून पुढे, आर्मच्या टोकाच्या दिशेने, उलट कधीच नाही.

अ‍ॅम्प, स्पीकर आणि खोली

इथवर आलात तर जुना अ‍ॅम्पही नव्यासारखा वाटायला लागतो, म्हणून त्याला बदलायची घाई करू नका. १२ बाय १५ फुटांच्या खोलीत चॅनेलला ३०-५० वॉट भरपूर होतात. वॉट दुप्पट केले तरी फक्त ३ डेसिबल वाढतात. जुना अ‍ॅम्प खरखरत असेल तर आधी व्हॉल्यूमचा खटका साफ करून घ्या. पैसे उरले असतील तर ते स्पीकरवर घाला आणि आपल्या दोन रेकॉर्ड्स बरोबर नेऊन ऐकून घ्या. एक गाण्याची, एक वाद्याची. सारंगी किंवा पेटी खरी वाटते का, हे ऐका. खर्जाने छाती हलते का, यावर जाऊ नका.

स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे तार सूर काढणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर हवा. बाजारातले स्टँड खुर्चीच्या हिशेबाने बनतात. आपण गादीवर, तक्क्याला टेकून ऐकत असू तर कान जमिनीपासून साधारण ८० सेंटिमीटरवर येतो, खुर्चीत साधारण १०० वर. गादीवाल्यांनी सुताराकडून ५० सेंटिमीटरच्या आसपासचे जड स्टँड करून घ्यावेत. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण व्हावा, स्पीकर मागच्या भिंतीपासून फूटभर तरी पुढे असावेत.

गुळगुळीत टाइल्स आणि मोकळ्या भिंतींच्या खोलीत टाळी वाजवा. झणकार ऐकू आला तर जमिनीवर जाड सतरंजी, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, खिडकीला जाड पडदा. आईच्या हातची गोधडी मागच्या भिंतीला टांगली तेव्हा माझ्या खोलीतला झणकार गेला.

अ‍ॅम्पवर ‘मोनो’ बटण असेल तर जुन्या मोनो एल.पी.साठी ते दाबा. खाचेतल्या खालीवर हलण्यातून येणारी खरखर दोन चॅनेल मिसळले की बरीच कटते.

७८च्या रेकॉर्ड्स

आपल्याकडे या १९६०च्या दशकातही निघत होत्या, म्हणून आजी-आजोबांच्या पेटीत बऱ्याचदा दोन्ही प्रकार मिसळलेले सापडतात. ७८ची खाच रुंद असते, तिला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एल.पी.ची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन कचराच वाजवते. व्हीएम९५एसपी सुईला ५ ग्रॅम भार द्यायचा आणि एल.पी. लावण्याआधी तो परत २ वर आणायचा. मी आर्मला दोऱ्याने चिठ्ठी बांधून ठेवतो. दोन हेडशेल घेणं त्याहून बरं.

या रेकॉर्ड्स लाखेच्या. पॉलिश करणारा कारागीर चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे लक्षात ठेवलं की त्यांना अल्कोहोल का लावायचं नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. नुसतं डिस्टिल्ड पाणी आणि साबणाचा थेंब, लगेच पुसायचं. फार जुन्या रेकॉर्ड्स नेमक्या ७८ वर भरलेल्या नसत. टर्नटेबलवर वेग कमी-जास्त करायची पट्टी असेल आणि गायकाची नेहमीची पट्टी ठाऊक असेल, तर हार्मोनियम शेजारी घेऊन वेग जुळवा.

सुईचं आयुष्य

आकारानुसार कंपन्या ३०० ते १००० तास सांगतात. एका एल.पी.च्या दोन्ही बाजू म्हणजे पाऊण तास. रोज एक लावणाऱ्याचे ५०० तास दोन वर्षांच्या थोडं आत संपतात. सुई बसवली त्या दिवशी चिकटपट्टीवर तारीख आणि तिचे तास लिहून टर्नटेबलच्या खाली लावा, आणि शेजारी वही ठेवून प्रत्येक रेकॉर्डला एक रेघ ओढत जा. एखाद्या ओळखीच्या द्रुतात पुन्हा शिट्टी ऐकू आली की आधी सुईच्या टोकावरची धूळ काढा, मग वहीतल्या रेघा मोजा.